मामाच्या हातची कुऱ्हाड

मी एक जुनी कुऱ्हाड आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. दुकानात रांगेने टांगलेल्या, एकीसारखी दुसरी अशा कुऱ्हाडींपैकी मी नाही. माझा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित फुगीर आहे. माझे नेढे, म्हणजे दांडा बसवायचे भोक, जरासे तिरके आहे. कोणी याला खोट म्हणेल. मी म्हणते, ही मला घडवणाऱ्याच्या हाताची ओळख आहे. थोडी गर्विष्ठ आहे मी, ते असू द्या. माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल की एवढा तोरा हिला शोभतो.

माझा जन्म भिलाईचा, सेक्टर सहामधला. साठ साल नुकतेच उलटले होते. पोलादाचा कारखाना एका अंगाने चालू झाला होता आणि दुसऱ्या अंगाने अजून बांधलाच जात होता. रस्ते आखून झाले होते, पण रस्त्याकडेची झाडे अजून कमरेएवढीच होती, आणि वारा सुटला की लाल माती थेट भाताच्या ताटात येई. साऱ्या देशातून माणसे तिथे पोटापाण्याला आली होती. क्वार्टरांच्या एकेका रांगेत चार-चार भाषा बोलल्या जात. अशाच एका रांगेत केवलराम आणि त्याची बायको अंजनाबाई राहत. दोघे भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. केवलरामच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेती. त्याने नांगर धाकट्या भावाच्या हाती दिला आणि कारखान्यात नोकरी धरली.

त्याला काम मिळाले पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर. ती भट्टी म्हणजे एखाद्या घराएवढी. तिच्या आत उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळे गेलेच समजा. म्हणून भट्टीवरच्या कामगारांच्या टोपीला पुढे एक निळी काच अडकवलेली असे. भट्टीसमोर गेले की काच डोळ्यांवर ओढायची, बाजूला झाले की वर सारायची. केवलरामला त्या काचेचा कोण अभिमान. बाजारात भाजी आणायला जातानाही टोपी डोक्यावर आणि काच टोपीवर. अंजनाबाई म्हणायची, "वांगे काय आगीत बसले हायेत का?" तरी तो टोपी काढत नसे.

पण या माणसाच्या मनात एक सल होता. एकदा पाळी संपवून आल्यावर अंगणात हातपाय धुताना तो बायकोला म्हणाला, "रोज एवढं पोलाद पायतो मी. पाण्यासारखं वाहून जाते डोळ्यासमोरून. पण त्याले हात लावता येत नाई. शेतात कसं, धान कापला की पेंढी आपल्या हातात राहते."

"मंग लावा हात," अंजनाबाई म्हणाली. "कोणी नाई म्हटलं?"

तिने ते सहज म्हटले असेल, पण केवलरामने मनावर घेतले. दुर्गला बाबुलाल नावाचा भंगारवाला होता. त्याच्याकडून लिलावातला रुळाचा एक तुकडा आणला, ती झाली ऐरण. मागच्या अंगणात मातीची शेगडी रचली. जुन्या सायकलच्या चाकावर पट्टा चढवून हाताने फिरवायचा पंखा केला, तो झाला भाता. शेजारच्या बायकांची लुगडी दोरीवर वाळत असतील तेव्हा शेगडी पेटवायची नाही, एवढा एक नियम अंजनाबाईने घालून दिला. मग सुट्टीच्या दिवशी आणि सकाळची पाळी असेल तेव्हा संध्याकाळी, अंगणातून ठणठण आवाज येऊ लागला. पहिले खुरपे बनले ते इतके वाकडे की गवताऐवजी हात कापेल. पुढचा विळा बरा निघाला. कोणी त्याला हे काम सांगितले नव्हते, कोणी त्याचे दाम देणार नव्हते. नुसत्या हौसेने माणूस किती घाम गाळतो ते मी पाहिले आहे, मित्रांनो, कारण त्या हौसेतूनच मी जन्मले.

त्याच सुमारास जयाचे लग्न ठरले. जया ही केवलरामची भाची, त्याची मोठी बहीण भागीरथा हिची मुलगी. भागीरथाचा नवरा शालिकराम रेल्वेत होता, आणि ते सारे चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहत. भागीरथाच्या माहेरच्या घराण्यात एक रीत होती. मुलीच्या मांडवाची मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, मोहाच्या हिरव्या फांदीचा असतो आणि ती फांदी मुलीचा मामाच तोडून आणतो. त्यातही एक अट. पहिला घाव घातला की फांदी खाली येईपर्यंत कुऱ्हाड बदलायची नाही. बदलावी लागली तर मामाचा आधार कच्चा, असे बायका म्हणतात, आणि नवरीच्या मनाला ते लागून राहते.

शालिकरामला हे सारे जुनेपुराणे वाटे. साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांसमोरच तो म्हणाला, "हे काय गाव हाये का? टेंटवाल्याले लोखंडी पाईप सांगून देतो. अर्ध्या घंट्यात मांडव उभा."

भागीरथा पोह्यांच्या बशा भरत होती. तिचा हात थांबला. "माह्या बापाच्या दारी मोहाची मेढ होती," ती हळूच म्हणाली. "माह्या पोरीच्या दारी पाईप?"

बहिणीचे तोंड उतरलेले केवलरामला पाहवले नाही. "मेढ मी आणतो, बाई," तो म्हणाला.

"कायनं तोडशील, साळेबुवा?" शालिकराम हसला. "तुमचा कारखाना टनानं पोलाद काढते म्हणतात. तुह्या घरी एक कुऱ्हाड तरी हाये का?"

सगळे हसले. केवलरामही हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "नाई. म्हणून तं मी बनवीन. माह्या हातच्या कुऱ्हाडीनंच जयाची मेढ तोडीन."

शब्द तोंडातून गेला तो गेला. चार माणसांत दिला होता, आणि भागीरथाने तो पदराला गाठ मारावी तसा मनात ठेवला. शालिकराम मात्र व्यवहारी. तो म्हणाला, "तोड ना बाबू. पण पाईपवाल्याले मी मनाई करत नाई. तुही कुऱ्हाड मोडली तं पोरीचा मांडव उघडा नाई राहिला पाहिजे." बोलला ते टोचले, पण मुलीचा बाप होता तो, त्याचेही काही चुकले नव्हते.

माझ्या आधी दोन बहिणी जन्मल्या. मी त्यांना पाहिले नाही, त्यांची कहाणी अंगणातच ऐकली. कुऱ्हाडीची धार कशी होते ते आधी सांगते. तापवून लाल झालेली धार पाण्यात बुडवतात. त्याला पाणी देणे म्हणतात. तशीच ठेवली तर ती काचेसारखी कडक आणि काचेसारखीच फुटकी. म्हणून ती घासून चकचकीत करतात आणि पुन्हा मागच्या बाजूने हळूहळू ऊब देतात. तेव्हा चकचकीत पोलादावर रंग चालत येतात. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा रंग धारेवर पोचला की क्षणभर न थांबता पुन्हा पाण्यात. आधी बुडवली तर धार फुटते, उशिरा बुडवली तर वाकते. पहिल्या बहिणीने बाभळीच्या ओंडक्यावर पहिल्याच घावाला दात पाडून घेतले. दुसरीची धार कानासारखी मुडपली. केवलराम ओंडक्यावर बसून राहिला. हात तोच, पोलाद तेच, मग एक कडक आणि एक मऊ कशी, हे त्याला उमगेना.

आता लग्न तोंडावर आले होते. केवलराम पुन्हा बाबुलालकडे गेला आणि माझे पोलाद घेऊन आला. मित्रांनो, मी मोठ्या कुळातली आहे हे इथे सांगायलाच हवे. कारखान्याचा पाया खणला जात होता तेव्हा माती वाहणारा एक डंपर होता. त्याची कमानपट्टी, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, तुटली आणि भंगारात आली. त्या पट्टीचा तुकडा म्हणजे माझी धार. अंग साध्या, मऊ लोखंडाचे. लोखंडाची पट्टी वाकवून नेढे केले, तिची दोन टोके जुळवून त्यांच्यामध्ये पोलादाचा तुकडा जिभेसारखा बसवला, सांधा नीट धरावा म्हणून वर टाकणखार भुरभुरला, आणि सारे पांढरे होईस्तोवर तापवून घणाखाली एकजीव केले. अंजनाबाई पंखा फिरवायची आणि केवलराम घाव घालायचा. दोघांच्या अंगावर ठिणग्यांचे डाग पडले. ते डाग अंजनाबाई शेजारणींना कौतुकाने दाखवायची.

मग पाणी द्यायची संध्याकाळ आली. मला एकदा बुडवून, घासून, चकचकीत करून केवलरामने सांडशीत धरले आणि शेगडीसमोर बैठक मारली. अंजनाबाई हळूहळू पंखा फिरवत होती. माझ्या पाठीकडून ऊब पुढे सरकू लागली.

"अजी, पिवळा आला," अंजनाबाई म्हणाली.

"कुठचा पिवळा? मले तं निळा दिसून रायला."

"निळा? अजून जांभळ्याचा पत्ता नाई." तिने वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पंखा थांबवला. "डोळ्यावर काय घेऊन बसले तुमी?"

केवलरामने डोळ्यांकडे हात नेला. बोटांना काच लागली. भट्टीसमोर बसले की हाताला वळणच पडले होते. टोपीकडे जायचे आणि काच खाली ओढायची, त्याला पत्ताही लागत नसे. दोन्ही बहिणींचे रंग त्याने त्या निळ्या काचेतूनच पाहिले होते. काचेतून सारेच निळे, मग पिवळा कोणता आणि जांभळा कोणता. एकीला फार लवकर बुडवले, आणि ती फुटली म्हणून दुसरीला फार उशिरा.

त्याने काच वर सारली, डोळे चोळले. इतका वेळ निळ्यातून पाहिलेल्या डोळ्यांना कोणताच रंग धड दिसेना. "आता तूच पाय," तो म्हणाला. "तू म्हणशील तवा बुडवतो."

अंजनाबाई गुडघे टेकून माझ्यासमोर बसली. तिने पापणी हलवली नाही. पिवळा गेला, तपकिरी गेला. मला अजून आठवते, जांभळा रंग माझ्या ओठापर्यंत आला आणि तिने शांतपणे म्हटले, "आता." मी पाण्यात गेले. त्या क्षणी मी पुरी झाले, मित्रांनो. मग मात्र ती हसायला लागली, ती काही केल्या थांबेना, आणि केवलरामही टोपी मांडीवर ठेवून हसत बसला.

धावड्याच्या लाकडाचा दांडा बसवून झाल्यावर ती म्हणाली, "ओंडक्यावर मारून पाहा एकदा." केवलराम तयार होईना. "दोघी त्या ओंडक्यावरच गेल्या. हिले नाई मारत. हिची पारख मेढीवर." भित्रेपणा म्हणा की माया म्हणा. त्यामुळे मी कशी आहे हे मेढीच्या दिवसापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मांडवाच्या सकाळी आम्ही चरोद्याला पोचलो तेव्हा दारासमोर हातगाडी उभी होती, लोखंडी पाईपांनी भरलेली. भागीरथाने मला हळदकुंकू लावले. तिने अक्षता एकदा टाकल्या, आणि मन भरेना म्हणून पुन्हा टाकल्या. हळदीच्या पाटावरून जया आमच्याकडे पाहत होती. केवलराम आणि शालिकराम दोघेच सायकली घेऊन निघाले. शालिकरामच्या सायकलला मागे पोत्यात गुंडाळलेले काहीतरी बांधले होते.

कॉलनीपासून थोड्या अंतरावर बांधावर मोहाचे झाड होते. शेताच्या मालकाला आधीच विचारून ठेवले होते. त्याने एक जाड, सरळ फांदी दाखवली आणि म्हणाला, "ए डारा ला काट ले, भइया." मग तो आपल्या कामाला गेला. केवलरामने झाडाला हात जोडले आणि पहिला घाव घातला.

काय सांगू तुम्हाला. ओल्या लाकडात मी अशी शिरले की मलाच नवल वाटले. पांढऱ्या ढलप्या उडू लागल्या. दुसरा घाव, तिसरा घाव, केवलरामच्या हाताला लय सापडली. अर्ध्यावर आल्यावर मात्र आत गाठ लागली. खण्ण असा आवाज झाला, दांडा हातात झिणझिणला, आणि केवलराम थांबला. हा आवाज त्याने अंगणात ऐकला होता, पहिल्या बहिणीच्या वेळी. मी लाकडात रुतलेली. मला बाहेर काढून धार पाहायची त्याची हिंमत होईना.

शालिकराम जवळ आला. सायकलवरचे पोते त्याने सोडले. आत बाजारातली कोरी कुऱ्हाड होती. "केवल," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे घे. इथं आपण दोघंच हाओत. भागीरथाले मी नाई सांगणार. तुह्या कुऱ्हाडीनंच तोडली म्हणून सांगू."

तो टोमणा नव्हता. मेहुण्याची लाज राखावी म्हणून त्याने घरून निघतानाच ती कुऱ्हाड बांधून आणली होती. केवलरामने तिच्याकडे पाहिले. चकचकीत, सरळ, दोन्ही गाल सारखे. मित्रांनो, त्या वेळी मला दुसऱ्या कुऱ्हाडीचा हेवा वाटला, तो पहिला आणि शेवटचा.

"नाई, भाऊजी," केवलराम म्हणाला. "बाई विचारणार नाई, ते मले माहीत हाये. पण ते मेढ तिच्या दारी राहीन, आणि मले तिच्याखालून जा लागन."

त्याने मला लाकडातून उपसले, धारेकडे न पाहताच डोक्यावर उचलले आणि गाठीवर पुन्हा घातले. आणखी एकदा. आणखी एकदा. गाठ दुभंगली. फांदी करकरली, वाकली आणि बांधावर आडवी झाली.

तेव्हा शालिकरामने मला हातात घेतले. अंगठा धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग उलट फिरवला. कुठे दात नाही, कुठे मुडप नाही. त्याने नवी कुऱ्हाड पुन्हा पोत्यात गुंडाळली आणि मोहाच्या फांदीचे जड टोक स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणाला, "चाल. पोरगी वाट पाहून राहिली असन."

घरी पोचल्यावर तोच सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. गाठ कशी लागली, आवाज कसा झाला, धार कशी जशीच्या तशी राहिली, हे त्याने प्रत्येक पाहुण्याला मला हातात देऊन सांगितले. पोत्यातली गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही आणि केवलरामनेही नाही. मेढ उभी राहिली, हिरव्या डहाळ्या चढल्या. पाईप आलेच होते, ते आचाऱ्यांच्या चुलीवर सावली करायला लागले. कोणीतरी केवलरामची पाठ थोपटली तेव्हा तो अंजनाबाईकडे बोट करून म्हणाला, "मी नुसता घण मारला. रंग हिनं पाह्यला. मी तं निळ्या काचेतून पाहून रायलो होतो." भट्टीवरचे त्याचे सोबती पंगतीत बसले होते. ते पोट धरून हसले, कारण त्यांच्यातले कितीतरी जण घरी चूल पेटवतानाही कपाळाकडे हात नेत. अंजनाबाई वाढता वाढता थांबली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

लग्न पार पडले. पाठवणीच्या वेळी केवलरामने जयाला भांड्यांचा संच दिला. तो तिने बाजूला ठेवला आणि ती म्हणाली, "मामाजी, मले ते कुऱ्हाड पाहिजे."

केवलराम गोंधळला. मला घरी नेऊन ऐरणीजवळच्या भिंतीवर टांगायचे, एवढेच त्याच्या मनात होते. आयुष्यात धड जमलेली ही एकच वस्तू. "कुऱ्हाड काय करशील, पोरी? शहरात चालली तू."

"तिकडे कोणी विचारलं, तुहा मामा काय करते, तं काय दाखवू?" जया म्हणाली. "तुमचं पोलाद रुळात गेलं, पुलात गेलं. ते मी कसं दाखवू?"

केवलरामने मला खांद्यावरून उतरवले. एकदा नेढ्यावरून हात फिरवला आणि मला जयाच्या हातात दिले. मग तो पाईपांच्या हातगाडीपाशी जाऊन उगाचच दोऱ्या आवळत उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ करून निघाले, पण माझी मान ताठ होती. मामाच्या नावाने मी सासरी चालले होते.

जयाचे सासर दुर्गला, मोहन नगरात. तिथे मी भरपूर काम केले. चुलीची लाकडे फोडली, होळीचे ओंडके तोडले, बांधकामाच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, तासल्या. शेजारी मला मागून नेत आणि परत देताना म्हणत, "बहू, ये कहाँ से लाई?" जया उत्तर द्यायची, "बनाई है, हमारे मामाजी ने." ते ऐकण्यासाठी मी हव्या त्या घरी जायला तयार असे. केवलरामने पुढे आणखी कुऱ्हाडी घडवल्या, माझ्यापेक्षा सुबक. अंजनाबाई रंग पाहायची आणि तो बुडवायचा. आता ती दोघेही नाहीत.

मग गॅस आला, लाकडे संपली. मी पाण्याच्या टाकीमागे गेले. दांडा वाळवीने खाल्ला, गालांवर गंज चढला. एकदा मी भंगाराच्या पोत्यातही जाऊन पडले होते. जयाने पोते उलटे करून मला बाहेर काढले. त्या दिवसापासून दरवर्षी पावसाळ्याआधी ती मला घासते आणि तेलाचे बोट फिरवते. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. यंदा तेल लावताना तिचा हात दोनदा घसरला. तिची नातवंडे तिथेच खेळत होती. पोरे चांगली आहेत, पण मला हात कोणी लावला नाही, की विचारले काही नाही.

मित्रांनो, घरातल्या हाताने घडवलेल्या वस्तूंना तेल लावा, धार लावा, कामाला घ्या. गंज आमचा वैरी आहे. पण गंज घासून काढता येतो. माझ्या अंगावर केवलरामचे नाव कोरलेले नाही, अंजनाबाईचेही नाही. ते फक्त जयाच्या तोंडात आहे. तेव्हा कोणीतरी एकदा तिच्याजवळ बसा आणि विचारा, आजी, ही कुऱ्हाड कोणी बनवली. लवकर विचारा.